दोन पेपरांमधला बांध

एमएला मला एकाच वर्षी दोन पेपर होते, ग्रामीण समाज आणि आदिवासी समाज. पहिल्यात आमच्या खारेपाटातले आगरी, दुसऱ्यात कातकरी. धरमतरच्या खाडीकाठी दोन्ही वस्त्यांत हाकेचं अंतर आहे. पुस्तकांत मात्र एकीबद्दल वाचताना दुसरी भेटतच नव्हती.

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. पॅट्रिक गेडिस यांनी तो सुरू केला, १९२४ पासून घुर्ये यांनी घडवला. त्याच काळातलं वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक १९३४ चं. त्याच्या आदल्याच वर्षी खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायची थांबवली होती. तो संप सहा वर्षं चालला. आज अभ्यासक्रमात कातकरी ‘जमाती’त जातात आणि चरी ‘शेतकरी आंदोलना’त. काळ एक, मुलूख एक, पेपर दोन.

मला समाजशास्त्र खरं कळलं ते बांधावर. खारं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध, ओहोटीला पाणी सोडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी. उधाणात एका ठिकाणी खांड गेली की सगळ्यांचीच शेती बुडते, आणि खारं शिरलेलं शेत पुन्हा भात द्यायला पावसाळे घेतं. म्हणून जोळ होती: बांधाला घरटी माणूस येणारच. १९४८ च्या खार जमीन कायद्यानंतर सरकार बांधाच्या कामात उतरलं आणि जोळ हळूहळू विरळ झाली. परस्परांवर अवलंबून असणं म्हणजे काय, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा या मातीने मला जास्त स्पष्ट सांगितलं.

पण जोळ जमीनवाल्यांची. बांधाबाहेरच्या त्याच चिखलात खेकडे धरणारा कातकरी त्या हिशेबात नाही. त्याचा हिशेब वेगळा: पावसाळ्यात घेतलेली उचल आणि ती फेडायला दिवाळीनंतर बायकापोरांसह गाठलेली वीटभट्टी. सरकारी यादीत कातकरी ‘विशेष असुरक्षित’ जमात आहे. ही असुरक्षितता जणू त्यांच्या अंगचा गुण असावा तशी लिहिली जाते, याचा मला राग येतो. तिला दुसरी बाजू आहे. उचल घेणारा आहे तसा देणाराही आहे, आणि दोन पेपर जोडणारा धागा तिथेच सापडतो.

म्हणून प्रबंधाला मी उचल हाच विषय घेतला. ती कोण देतं, कधी, कुणाच्या साक्षीने आणि फिटली हे कोण ठरवतं? त्यासाठी वाडीवर जाईन तितकंच आमच्या आळीतही बसावं लागेल. वाडीवरची माणसं बोलतात. आळीत मात्र काका-मामांपुढे वही उघडून विचारायचंय, की उचलीची तुमची वही मला दाखवाल का?