चित्राशेजारच्या चार ओळी

मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवरून रमतगमत निघाले, तरी पंधरा-वीस मिनिटांत काळा घोडा येतो. ज्यावरून हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला गेला. २०१७ मध्ये स्वार नसलेला नवा घोडा उभा राहिला. पण मधली बावन्न वर्षे घोडा नसतानाही नाव टिकून राहिले.

इथेच १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी उभी आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. खरेदीला निघालेले कुटुंबही सहज आत डोकावते. चित्रांशेजारी बहुधा एक कागद असतो, चित्रकाराचे मनोगत. पहिले प्रदर्शन भरवणाऱ्याला या चार ओळी चित्रापेक्षा जड जातात. मग ‘अस्तित्वाचा गूढ शोध’ असे उसने शब्द येतात. पाहणारा ते वाचतो, बिचकतो आणि पुढे सरकतो. वर्षभराची मेहनत त्या कागदापाशीच अडते.

असे मनोगत लिहायला बसलेल्याने या परिसरात एक दुपार घालवावी. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांखालच्या पाट्या वाचाव्यात. विषय, ठिकाण, काळ. एवढ्यानेही चित्र जवळचे वाटू लागते. समोरच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्येही फेरी मारावी. ती सोमवारी बंद असते.

थोरांची उदाहरणेही साधीच आहेत. सय्यद हैदर रझा आपल्या बिंदूविषयी बोलताना मध्य प्रदेशातल्या शाळेची आठवण सांगत. चंचल मुलाचे मन स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक टिंब काढून त्याकडे पाहत राहायला सांगितले होते. बिंदूचे तत्त्वज्ञान मोठे, पण सुरुवात शाळेतल्या भिंतीपासून! प्रभाकर बरवे यांनी तर ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात चित्रामागचा विचार मराठीतच मांडला. ज्याला इंग्रजीची धास्ती वाटते, त्याने ते जरूर वाचावे.

शेवटी गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर यावे. तिथे चित्रे मांडून बसलेल्यांना येणारे-जाणारे विचारतात, “हे काय काढलंय?” घरच्या कुणाला तरी हाच प्रश्न आपल्या चित्राबद्दल विचारायला सांगावे आणि तोंडून निघालेले उत्तर तसेच उतरवून घ्यावे. काय काढले, कशाने काढले आणि ते कुठून सुचले, एवढे त्यात आले की मनोगत झाले. बाकीचे चित्राला बोलू द्यावे.