कुष्ठरोगाचे ‘जनुक’ आणि एक स्थळ

‘कुष्ठरोगाचे जनुक’ हे शब्द बातमीच्या मथळ्यात दिसले की मला धास्ती वाटते. त्यामागचे संशोधन बहुधा चांगलेच असते. धास्ती असते ती मथळा वाचून घराघरांत काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाची.

ज्या जनुकाविषयी लिहीत आहे त्याचे नाव टीएलआर१. आपल्या चौथ्या गुणसूत्रावरील हे जनुक ७८६ अमिनो आम्लांचे एक ग्राही प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, घडवते. प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावर टीएलआर२ या भावंडाशी जोडी जमवून ते जिवाणूंच्या आवरणातील विशिष्ट मेदयुक्त प्रथिने ओळखते आणि पेशीला सावध करते. क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा जिवाणू ज्या कुळातले, त्या कुळाची ओळख पटवणे हे या जोडीचे एक काम.

माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली. पेशीचे आवरण मला आजही एखाद्या मोजमापाच्या उपकरणासारखे दिसते, आणि म्हणूनच पुढची गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मी चकित झाले. टीएलआर१ च्या ६०२व्या स्थानी काही माणसांत आयसोल्यूसिनऐवजी सेरीन असते. एवढ्याशा बदलाने हा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही, आतच अडकून राहतो. संवेदक बसवला, पण खोक्यातून बाहेरच काढला नाही, असा प्रकार! अशा माणसांना कुष्ठरोग अधिक व्हावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २००७ साली तुर्कस्तानातील रुग्णांच्या अभ्यासात नेमके उलटे दिसले: हा ‘बिघाड’ रोगापासून संरक्षण देतो.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नवी दिल्ली आणि कोलकाता येथील रुग्णांचे नमुने होते. दीड हजारांहून अधिक व्यक्तींच्या विश्लेषणात या सेरीनवाल्या आवृत्तीचे शक्यता-गुणोत्तर ०.३१ आले, म्हणजे ढोबळमानाने धोका तिसऱ्या हिश्शावर. ही आवृत्ती आफ्रिकेत विरळ, तर युरोपीय वंशाच्या लोकांत बहुसंख्य आहे. संशोधकांनी मांडलेली एक शक्यता अशी की, कुष्ठरोगाचा जिवाणू आपल्या याच धोक्याच्या घंटेचा स्वतःसाठी वापर करून घेत असावा. घंटाच नसेल, तर त्याचा डाव फसतो. त्याच अभ्यासात एचएलए जनुकांचा संबंधही ठळकपणे दिसला. तो धागा आपल्याकडे जुना आहे. दिल्लीच्या एम्समधील नरिंदर मेहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास भारतीय कुटुंबांत त्याचा माग काढला होता.

मागच्या हिवाळ्यात वरोऱ्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचा फोन आला. मावसबहिणीला एक स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली. पण त्याच्या आजोबांना महारोग झाला होता. “तू तिकडे जनुकांचंच काम करतेस ना गं? मग सांग मला, हे रक्तात उतरतं की नाही?” बाबा आमट्यांनी १९४९ साली जिथे आनंदवन उभे केले, त्या परिसरात आयुष्य काढलेल्या बाईचा हा प्रश्न. तो अडाणीपणाचा मात्र नव्हता. तिने बातमी वाचली होती आणि बातमीत ‘जनुक’ होते.

हाच प्रश्न एकेकाळी विज्ञानाचाही होता. १८४७ साली नॉर्वेच्या डॅनिएलसेन आणि बोक यांनी कुष्ठरोगावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या मते हा रोग आनुवंशिक होता. कुटुंबाकुटुंबांतून तो दिसे, हे खरेच होते. पण एका छपराखाली राहणारी माणसे जनुकांसारखीच हवाही वाटून घेतात. १८७३ साली डॅनिएलसेन यांचेच जावई हॅन्सन यांनी रुग्णांच्या ऊतींत जिवाणू पाहिला आणि रोग संसर्गाचा ठरला.

मी मावशीला सांगितले ते असे. जिवाणूवाचून हा रोग होत नाही, आणि जिवाणू वारशाने येत नाही. वारशाने येते ती फक्त कमी-अधिक प्रवणता, आणि ती तुझ्या-माझ्या घरातही आहेच. शंभरांतल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना संसर्ग होऊनही हा रोग होत नाही. टीएलआर१ ची संरक्षण न देणारी आवृत्ती हीच मुळात मूळची, सर्वसाधारण आवृत्ती. ती असणे हा कुळाला लागलेला डाग कसा होईल?

“मग त्या मुलाची ती तपासणी करून घेऊ का?” तिने विचारले. नको, म्हटले. त्या तपासणीतून त्याच्याविषयी उपयोगाचे काहीच कळणार नाही. करायचीच, तर तुझ्या मुलीचीही करावी लागेल. यावर ती थोडा वेळ गप्प राहिली.

कायद्यालाही ही गाठ सुटायला वेळ लागला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला गेला तो २०१९ साली. बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहे. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो, औषध मोफत मिळते आणि उपचार सुरू होताच संसर्ग पसरणे झपाट्याने थांबते. तरीही देशात दरवर्षी लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले जातात. ईशान्य दिल्लीतील ताहिरपूरच्या वसाहतीत कधीच बरी झालेली माणसे आजही राहतात. त्यांची मुले-नातवंडेही तिथेच वाढली. अर्जावर पत्ता लिहिताना त्यांतल्या कोणी ‘ताहिरपूर’ हा शब्द गाळला, तर त्याचे कारण कोणत्याही गुणसूत्रावर सापडणार नाही.