प्रागमधले तीन महिने

चाकणच्या कारखान्याच्या कामासाठी तीन महिने प्रागला राहायची संधी मिळाली. आम्ही दोघे आणि पाच वर्षांची लेक.

त्याआधी राजगुरुनगरात खोली शोधत होतो. घरमालकाने आधी आडनाव विचारले आणि खोली 'कालच गेली' झाली. प्रागच्या घरमालकिणीने पासपोर्ट पाहिले, भाडे घेतले, किल्ली हातात ठेवली. आमचे आडनाव तिला नीट उच्चारताही येईना! त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

शहर देखणे. व्हल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल १३५७ साली बांधायला घेतलेला; दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. जुन्या चौकातले घड्याळ १४१० सालचे. दिवसा दर तासाला त्याच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात. लेकीचा रोज तिथे जायचा हट्ट.

सगळेच गोड नव्हते. ट्राममध्ये कधी कधी आमच्या शेजारची जागा रिकामी असूनही लोक उभे राहत. रंगामुळे की त्यांच्या अबोल स्वभावामुळे, ते कळले नाही.

परत आल्यावर लेक भीमेच्या पुलावर पुतळे शोधते. आम्ही पुन्हा थोरल्या बहिणीच्या घरी आहोत. रविवारी कारखान्याला सुट्टी असते, तेव्हा खोली पाहायला निघतो.