झरीची भुरी

झरीच्या गावठाणात एक वाक्य लहानपणापासून कानावर पडतं: कुत्रं माणसाचं असतंय, मांजर घराचं. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव काळ्या जमिनीचं, कापसाचं, सोयाबीनचं आणि रब्बीच्या ज्वारीचं. ज्याच्या बळदात ज्वारी, त्याच्या घरात मांजर असायचंच. त्याच्या मनात काय चालतं याचा विचार कुणी करत नसे. उंदीर धरले, वाटीभर दूध प्यालं, चुलीजवळ अंग पसरलं, की त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही उरत नसे. भुरी नावाच्या मांजरीनं मात्र एका घरात या विषयावर कितीतरी वर्षं वाद चालू ठेवला.

ती जन्मली कापसात. वेचणीनंतर आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस रचला होता आणि गल्लीतली एक मांजर त्या ढिगात व्याली होती. भाव बरा आला तसा व्यापाऱ्याचा टेम्पो दारात लागला. खोलीत माणसांची वर्दळ सुरू होताच मांजरीनं पिल्लं तोंडात धरून एकेक करून हलवली. एक मागं राहिलं. डोळे नुकतेच उघडलेले, म्हणजे वय आठ-दहा दिवसांचं. घरातल्या म्हाताऱ्या मायनं ते ओट्यात घेतलं. दारात शेळी होती. कापसाचीच वात वळून, कोमट दुधात बुडवून माय ती पिल्लाच्या तोंडात धरायची. रात्री ते तिच्या गोधडीत झोपायचं, दिवसा पदरात.

त्या हातानं पुढचं बरंच काही ठरवलं. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात एलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांचा अभ्यास केला. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसांनी रोज हाताळलं, ती मोठेपणी माणसाजवळ निर्धास्त राहिली; त्या काळात माणसाचा हात न लागलेली पिल्लं पुढं माणसाला बुजत राहिली. मांजराच्या आयुष्यात ही खिडकी फार लवकर उघडते आणि लवकर मिटते. भुरीची ती खिडकी सगळी मायच्या मांडीवर गेली.

मोठी झाल्यावर ती राखी पट्ट्यांची, लांब अंगाची, कानाच्या टोकाला जराशी फाटलेली मांजर झाली. पोरांनी उचललं तर चार क्षण सोसायची आणि निसटायची. मायच्या मुलाकडे तर ढुंकूनही बघायची नाही. "दुधासाठी येतंय ते," तो म्हणायचा, "वाटी काढून घ्या, उद्या शेजाऱ्याचं होईल." या युक्तिवादातली अडचण घरातल्या बायकांना रोज दिसत होती. वाटी भरायची सून. भुरी दूध प्यायची सुनेजवळ आणि झोपायला जायची मायच्या बाजेवर.

पोट आणि माया यांची ही फारकत पुढं प्रयोगातही दिसली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातल्या क्रिस्टिन व्हिटाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांजरांपुढं चार गोष्टी ठेवल्या: अन्न, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास. काही घरातली मांजरं होती, काही आसऱ्याच्या केंद्रातली. ज्यांचा कल स्पष्ट झाला त्यांतल्या निम्म्यांनी माणसाला पहिली पसंती दिली. अन्न त्याखालोखाल आलं. भुरी त्या निम्म्यांतली होती, एवढंच.

तिचं बोलणंही मायपुरतंच होतं. पिल्लू आईला हाक मारतं, पण मोठी मांजरं आपसात म्याव म्याव फारसं करत नाहीत. तो आवाज बहुतांशी माणसासाठी राखलेला असतो. पहाटे माय उठायच्या आधी भुरी एक वेगळीच घुरघुर काढायची, तिच्यात मध्येच बारीक रडका सूर असायचा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकॉम्ब यांनी २००९ साली हीच घुरघुर तपासली. काही मागताना मांजर नेहमीच्या जाड घुरघुरीत एक उंच पट्टीचा आवाज मिसळतं. तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जातो, म्हणून माणसाला तो ऐकून पडून राहवत नाही. मायला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणायची, "लेकरावाणी रडायली बघा," आणि उठायची.

हाक मारल्यावर मात्र भुरी येईलच असं नसे. कान वळायचा, शेपटीचं टोक हलायचं, बस. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ साली वीस मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला, कान-मान वळवून ते दाखवलंही. उठून मात्र जवळपास कुणी गेलं नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या हुकुमावर राबत आला. मांजराचं तसं झालं नाही. पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आजची घरची मांजरं आली, हे २००७ साली जनुकांवरून स्पष्ट झालं. माणसानं धान्य साठवलं, धान्याला उंदीर आले, उंदरांमागं मांजर आलं आणि आपण होऊन राहिलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. म्हणजे बळदातल्या ज्वारीनं जुळलेलं हे नातं शेतीइतकंच जुनं आहे, आणि त्यात आज्ञापालनाची अट कधी नव्हतीच. ओळखीला प्रेमाची पहिली पायरी मानायचं, तर मांजर ती पायरी हुकूम न मानताही चढतं.

खरी कसोटी लागली ती घर बदललं तेव्हा. गावठाणातलं माळवदाचं घर जुनं झालं होतं, दर पावसाळ्यात गळायचं. मुलानं जिंतूर रस्त्याच्या कडेला स्लॅबचं घर बांधलं. सामान ट्रॅक्टरनं गेलं, भुरी पोत्यात घालून नेली. दुसऱ्या दिवशी ती नव्या घरात नव्हती. जुन्या घराच्या माळवदावर, धाब्याच्या कडेला पाय मुडपून बसली होती. परत आणली, परत गेली. असं पुन्हा पुन्हा झालं, आणि मुलाला आयताच पुरावा मिळाला. "बघा, मांजर घराचंच असतंय."

माय त्या वेळी नव्या घरातही नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती परभणीला गेली होती आणि नंतर लेकीकडे राहिली होती. तिची बाज नव्या घरात आली होती. पण सुनेनं नव्या घराला शोभावी म्हणून तिच्यावर नवी चादर घातली होती आणि जुनी गोधडी धुवायची म्हणून मागंच ठेवली होती. भुरी जुन्या घरात जाऊन झोपत होती ती त्याच न धुतलेल्या गोधडीवर.

माय परतली. डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगाला औषधाचा वास. भुरीला आणून तिच्यापुढं ठेवलं, तर ती दोन पावलं मागं सरली आणि पाठ करून बसली. "रुसली," सगळे म्हणाले. रुसवा हा माणसाचा शब्द झाला. मांजराची दुनिया आधी नाकानं उभी राहते आणि मायच्या अंगाचा ओळखीचा वास दवाखान्यानं पुसून टाकला होता. मायनं जुनी गोधडी मागवली, धुऊ दिली नाही, बाजेवर पसरली आणि पडून राहिली. अंधार पडल्यावर भुरी आली. आधी गोधडी हुंगली, मग मायचा हात, मग गाल आणि कपाळ मायच्या हनुवटीवर पुन्हा पुन्हा घासलं. मांजराच्या गालावर, हनुवटीवर, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. एका कळपातली मांजरं अशीच एकमेकांना घासून सगळ्यांचा मिळून एक वास करतात. त्या रात्रीनंतर भुरी जुन्या घरी राहायला गेली नाही.

घराचं मांजर की माणसाचं, हा प्रश्नच त्या गोधडीनं मोडीत काढला. ज्या भिंतींना मांजर चिकटतं त्या भिंतींना माणसांचा वास असतो. मुलगा हे मान्य करायला तयार नव्हता. "वास म्हणजे सवय," तो म्हणाला. त्याची शंका अगदीच फोल नव्हती. लिंकन विद्यापीठातल्या अ‍ॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांनी २०१५ साली वीस मांजरांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला होता, की कुत्र्यासारखी, मालकावर सुरक्षिततेसाठी विसंबण्याची खूण मांजरांत दिसत नाही. चार वर्षांनी व्हिटालींच्या गटानं सत्तर पिल्लं तपासली. मालकासोबत दोन मिनिटं, एकट्यानं दोन मिनिटं, मग मालक परत. चौसष्ट टक्क्यांहून अधिक पिल्लं मालक आल्यावर त्याला भेटून शांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. बाकीची एकतर चिकटून बसली किंवा टाळत राहिली. मोठ्या मांजरांतही प्रमाण तसंच निघालं. तान्ह्या मुलांच्या अशाच चाचणीत जवळपास हेच प्रमाण येतं. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले तर एवढं म्हणता येतं: प्रत्येक मांजर सारखं नसतं, आणि माया असेल तर ती आपल्याच घरात, रोजच्या दिवशी दिसेलच असं नाही.

मार्जारकुळातल्या मोठ्या जनावरांबाबतही महाराष्ट्रानं हे पाहिलं आहे. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पात लहानपणापासून वाढलेल्या नेगल या बिबट्यावर विलास मनोहर यांनी पुस्तकच लिहिलं. बिबट्या तर एकांडा, कळपाशिवाय जगणारा. तरी बालपणीचा हात तोही विसरत नाही.

भुरीची माया दिसली ती म्हातारपणी, परक्या जागी. तिचं पाणी पिणं एकदम वाढलं होतं, अंग झडत चाललं होतं. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं अशीच थकतात. मुलगा स्वतःच म्हणाला, "चला, दाखवून आणू," आणि झाकणाच्या टोपलीत घालून तिला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. सोबत माय आणि सून. भोवती बैल, शेळ्या, भुंकणारी कुत्री, फिनाइलचा वास. टोपली उघडताच भुरी टेबलावर थरथरत उभी राहिली. आधार द्यायला तिघांचेही हात पुढं होते. बारा वर्षं वाटी भरणारा सुनेचा हात सगळ्यांत जवळ होता. भुरी त्याखालून गेली आणि मायच्या कोपराच्या वळणात तोंड खुपसून बसली. सुई टोचली तेव्हाही तिनं तिथून डोकं काढलं नाही. थरथर हळूहळू थांबली. डॉक्टरांनी विचारलं, "खायला कोण घालतं हिला?" सून म्हणाली, "मीच घालते." मुलगा काही बोलला नाही, परत येताना टोपली मात्र त्यानं मायच्या मांडीवर ठेवली आणि झाकण लावलं नाही.

पाणी, सलाईन, मऊ भात आणि उकडलेलं अंडं यांवर ती तो उन्हाळा निभावली. पावसाळ्यात गेली. तिच्या एका लेकीचा वंश अजून त्या घरात आहे. गल्लीतलं कुणी पिल्लू मागायला आलं तर माय दोन महिने पुरे होईस्तोवर देत नाही, आणि तोवर नातवंडांना बजावते: शाळेतून आल्यावर आधी हात धुवा, मग एकेकानं एकेक पिल्लू मांडीवर घेऊन बसा, दूध पाजायचं असो वा नसो. घर बदललेल्या कुणी मांजर पळून गेल्याची तक्रार आणली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अंथरूण धुतलं का?