माहिती कोणती, आज्ञा कोणती?



आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी आणि वर्गात हिंदी, त्यामुळे काही शब्द आम्हांला नेहमीच विचार करायला लावत. त्यांपैकी एक म्हणजे 'सूचना'. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. मराठीत सूचना म्हणजे अमुक करा, तमुक करू नका असे सांगणे. शब्द एकच, पण एका भाषेत तो नुसते कळवतो आणि दुसरीत कामाला लावतो. संगणकाच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा किती महाग पडू शकतो, ते या वर्षी आमच्या संगणक कक्षात सर्वांनी पाहिले. त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

गोव्यातील शाळांना संगणक नवा नाही. 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने जुने संगणक मिळवून शाळांना दिले आणि लिनक्सची ओळख करून दिली, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२१ साली सरकारची 'केअर्स' योजना आली आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग व रोबोटिक्स शिरले. आज पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील खेड्यांतली मुलेही प्रोग्रॅम लिहितात, ही आनंदाची गोष्ट आहे.

आमच्या कक्षात लिनक्स चालते. त्याची रचना समजायला नारळ डोळ्यांपुढे आणावा. आतले खोबरे म्हणजे कर्नल, खरे काम करणारा गाभा. भोवतालची करवंटी म्हणजे शेल. आपण टंकलेली आज्ञा शेल वाचतो, तिचे तुकडे पाडतो आणि गाभ्याकडून काम करवून घेतो. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हापासूनची ही परंपरा. पुढे स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली आला आणि ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' १९८९ साली. माणसाप्रमाणेच एखादा प्रोग्रॅमही शेलला हाक मारू शकतो. 'सी' भाषेत त्यासाठी 'सिस्टिम' आहे, पायथनमध्ये 'ओएस डॉट सिस्टिम'. फाइलींच्या प्रती काढणे, छपाईला पाठवणे अशी कामे एका ओळीत होतात. काम नीट झाले तर शून्य हा आकडा परत येतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याच्या खात्यातून प्रोग्रॅम सुरू झाला, त्याचे सगळे अधिकार त्या आज्ञेला मिळतात.

दहावीतल्या एका विद्यार्थ्याने आठवीच्या मुलांसाठी छोटा प्रोग्रॅम तयार केला. मुलाने नाव टंकले की त्याच्या नावाचा फोल्डर तयार व्हावा, एवढेच काम. त्याने 'एमकेडीआयआर' या आज्ञेला पुढे नाव जोडले आणि ती ओळ शेलच्या हाती दिली. पहिल्याच दिवशी गंमत झाली. एका मुलीने नाव आणि आडनाव लिहिले, तर दोन फोल्डर तयार झाले. मध्ये मोकळी जागा दिसली की शेल तुकडा पाडतो, हे तेव्हा कळले. मुले हसली आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलाने आपले नाव लिहिले, पुढे अर्धविराम दिला आणि फाइली पुसून टाकण्याची आज्ञा लिहिली. अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू, एवढे त्याला कुठूनतरी ठाऊक होते. शेलने आधी फोल्डर केला आणि मग त्या जागेचे सगळे पुसले. सहामाहीतली चित्रे, प्रकल्प, खुद्द तो प्रोग्रॅमसुद्धा गेला. संगणकाच्या बाई दर शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रत घेतात म्हणून बरेचसे वाचले. मधल्या चार दिवसांचे काम मात्र गेले ते गेलेच.

शिक्षक कक्षात वाद झाला. काहींच्या मते दोष टंकणाऱ्याचा, काहींच्या मते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा. डिचोलीच्या बाजारात दुकान असलेले एक पालक तेवढ्यात आले होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "सर, त्याला विचारलं होतं नाव. मग त्याने दिलेली आज्ञा कशाला पाळली?" प्रश्न अगदी वर्मावर होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही मुलांना देवळातल्या गाऱ्हाण्याचे उदाहरण दिले. गाऱ्हाणे घालणारा ठरलेल्या शब्दांत भक्ताचे नाव गुंफतो आणि मंडळी "होय म्हाराजा" म्हणतात. समजा, नाव विचारल्यावर एखाद्याने नावापुढेच "आणि शेजाऱ्याची बागायत मला मिळू दे" असे जोडले आणि गाऱ्हाणे घालणाऱ्याने तेही जसेच्या तसे म्हटले, तर? आपल्या गावचा माणूस तिथेच थांबेल. शेल थांबत नाही. नाव कुठे संपले आणि मागणे कुठे सुरू झाले हे त्याला कळत नाही. तो प्रत्येक तुकड्याला "होय म्हाराजा" म्हणतो.

हे केवळ शाळकरी मुलांच्या हातून होते असे नाही. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये स्टेफान शाझलास यांनी बॅशमधला एक दोष उघडकीस आणला. तो 'शेलशॉक' नावाने ओळखला जातो. बाहेरून आलेल्या माहितीच्या शेपटीला बांधलेली आज्ञाही बॅश पाळत असे, आणि हा दोष १९८९ पासून तसाच होता. पंचवीस वर्षे जाणत्यांच्या नजरेतून निसटले, तिथे दहावीच्या मुलाला काय बोल लावायचा?

शिक्षेऐवजी आम्ही दोघांना एका बाकावर बसवले. पुसणाऱ्याने वर्गमित्रांची चार दिवसांची कामे पुन्हा करायला मदत करायची, आणि दोघांनी मिळून प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. बाईंनी त्यांना तीन गोष्टी दाखवल्या. फोल्डर करायची सोय पायथनमध्येच आहे, त्यासाठी शेलला हाक मारायची गरजच नाही. बाहेरचा प्रोग्रॅम बोलवावाच लागला, तर २००४ पासून 'सबप्रोसेस' आहे. त्यात आज्ञा आणि नाव यादीत सुटे सुटे द्यावे, जणू वेगवेगळ्या पाकिटांत. मग अर्धविराम हे नुसते चिन्ह राहते. मात्र तिथे 'शेल इक्वल टू ट्रू' लिहिले की शेल पुन्हा मध्ये येतो. आणि तिसरी गोष्ट, आलेली माहिती आधी तपासावी. मुलांनी नावाऐवजी हजेरी क्रमांक घ्यायचे ठरवले, अंकांशिवाय काही आले तर प्रोग्रॅम नाकारतो. शिवाय तो आता अशा खात्यातून चालतो ज्याला इतरांच्या फाइलींना हात लावता येत नाही.

पालकांना एक विनंती. आजकाल मुले कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घटकाभरात प्रोग्रॅम लिहून आणतात. तो चालतो का, एवढेच न विचारता, तो कोणाच्या शब्दावर कोणती आज्ञा पाळतो तेही त्यांना विचारावे. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आठवीचा वर्ग रोज वापरतो आहे. बाईंची शनिवारची प्रतही चालूच आहे, आणि ती चालूच राहील.