जवारीची कसोटी

घरी गाणे ऐकण्याकरिता ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेऊ पाहणारा गृहस्थ, मग तो खैरानी रोडवरील दोन खोल्यांत राहणारा असो की चांदिवलीच्या नव्या इमारतीत, दुकानात पाऊल ठेवताच प्रथम जो प्रश्न विचारतो तो ‘वॉट किती?’ हा होय. आणि त्या एका आकड्यावर ज्याने आपला पैसा लावला त्याच्या पदरी आवाज पुष्कळ व संगीत थोडे पडते, हे साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीतील माझ्या गाळ्यात, दुरुस्तीस आलेल्या यंत्रांच्या सहवासात, मी नित्य पाहत आलो आहे. माझे निश्चित मत असे की, ज्यांच्या ऐकण्यात ख्याल, नाट्यसंगीत, अभंग आणि भावगीत यांचा भरणा आहे त्यांनी स्पीकरची निवड आधी करावी, ती तंबोऱ्याच्या ध्वनीवर करावी, आणि वॉटांची चौकशी सर्वांत शेवटी करावी.

तथापि वॉटांचा हिशेब एकदा मांडून दाखवलाच पाहिजे, कारण तो मांडला म्हणजे पुष्कळसे भय आपोआप नाहीसे होते. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा जो आकडा असतो तो, एक वॉट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल ध्वनी मिळेल, हे सांगतो. बेताच्या किमतीच्या लहान स्पीकरांत तो बहुधा ८५ ते ८८ असतो. दोन स्पीकर, दोन मीटरांवर बसलेला श्रोता आणि भिंतींवरून परतणारा ध्वनी या सर्वांची बेरीज-वजाबाकी केली तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत प्रत्येकी एका वॉटात सुमारे ८४ डेसिबल हाती येतात. निवांत ऐकण्यास ७४ पुरे होतात. आणि दहा डेसिबल उतरणे म्हणजे शक्ती दशांशावर येणे असल्यामुळे, ज्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर शेकड्यांचे आकडे छापलेले आहेत तो त्या वेळी वॉटाच्या एक दशांशात आपले काम करीत असतो. तबल्याची थाप किंवा तानेचा उत्कर्षबिंदू सरासरीहून पंधरा-सोळा डेसिबल वर उसळतो, त्याकरिता चारएक वॉट लागतात. त्यावर भरपूर राखीव साठा धरला तरी प्रामाणिक २० ते ३० वॉटांत हा व्यवहार मिटतो. शक्ती दुप्पट केल्याने ३ डेसिबलच वाढत असल्यामुळे, ५० ऐवजी १०० वॉटांचे यंत्र घेणाऱ्याने दिलेले जादा पैसे त्याच्या कानापर्यंत जेमतेमच पोहोचतात. शिवाय निवासी विभागाकरिता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, आणि आपल्या इमारतींच्या भिंती एवढ्या पातळ आहेत की शेजाऱ्याच्या निद्रेचा विचार हा खरेदीच्या तपशिलातच धरावा लागतो.

वर मी ‘प्रामाणिक’ हे विशेषण मुद्दाम वापरले. काही वर्षांपूर्वी खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारांचे आकडे छापण्याचा प्रघात होता. त्या मोजणीला सर्वमान्य असा कोणताही दंडक नव्हता, सबब त्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. आजची फसगत अधिक सूक्ष्म आहे. हल्ली स्वस्त व लहानशा ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायरांत टीपीए ३११६ ही चिप सर्रास आढळते. चिप उत्तम आहे, परंतु तिच्या नावावर सांगितले जाणारे ५० वॉट हे २१ व्होल्टांचा पुरवठा, ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विकृती एवढ्या अटी मान्य केल्यावरचे आहेत. तेच यंत्र सोबत मिळालेल्या १२ व्होल्टांच्या अडॅप्टरवर चालवून त्यास ८ ओहमचे स्पीकर जोडले तर प्रत्येक बाजूस नऊ वॉटांच्या पलीकडे गणितच जाऊ देत नाही. नऊ वॉटांतही गाणे सुंदर वाजते, ही गोष्ट वेगळी. पण आवाज चढवून त्या मर्यादेबाहेर नेला की तरंगाचे माथे छाटले जातात आणि त्या छाटणीतून उपजणारे उच्च कंपन उच्च स्वरांच्या नाजूक ट्वीटरला जाळते. माझ्याकडे येणारे जळके ट्वीटर बहुतांशी दुबळ्या ॲम्प्लिफायरला जबरीने राबवल्याचे बळी असतात, हे ऐकून ग्राहक चकित होतात. एतदर्थ अडॅप्टर किती व्होल्टांचा आणि किती अँपियरचा, ही चौकशी खोक्यावरील वॉटांपेक्षा अधिक महत्त्वाची मानावी.

आता स्पीकरकडे वळतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित वक्र असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी लावतो, आणि कंप पावणारी तार त्या वक्रतेला पुन्हापुन्हा ओझरती स्पर्शत राहिल्यामुळे मूळ स्वराभोवती उच्च स्वयंभू स्वरांची मालिका उमलत जाते. तार ज्या बिंदूवर छेडली तेथील नियमानुसार ज्यांचा अभाव असावयास हवा असे उपस्वरही तंबोऱ्यात स्पष्ट उमटतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिली. काळी एकच्या पट्टीत मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खर्ज ६९ हर्ट्झचा पडतो. पाच इंची वूफरचा लहान स्पीकर या खर्जाच्या आसपास ढिला पडू लागतो हे खरे; परंतु वरचे उपस्वर शाबूत असले तर मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो, यास्तव ती हानी सोसवते. उलट जवारीचे तेज, शब्दांची व्यंजने, सारंगीचा गज आणि तबल्याच्या चाटेचा टणत्कार हे सारे एक ते पाच हजार हर्ट्झांच्या टापूत वसतात. तोच टापू मानवी कानाला सर्वाधिक तीक्ष्णपणे ऐकू येतो, आणि नेमक्या त्याच टापूत वूफर आपला कारभार ट्वीटरच्या हवाली करतो. हे हस्तांतर नीट झाले नाही तर गायक एका खोलीत आणि तंबोरा दुसऱ्या खोलीत असल्यासारखे वाटते. स्वस्त स्पीकर उघडून पाहावा तर ही वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरच्या जागी ट्वीटरला चिकटवलेला एकच कपॅसिटर पुष्कळदा आढळतो. वूफरला कसलाही लगाम नसतो. दुकानदार मात्र धमाकेदार बेसचे गाणे लावून ग्राहकाचे मन जिंकतो, कारण त्या गाण्यात हा दोष झाकला जातो.

म्हणून खरेदीस जाताना आपल्या परिचयाचे, संथ आलापाचे एखादे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, आणि आवाज हळू ठेवून ऐकावे. त्या हळू आवाजातही तंबोऱ्याचा नाद अखंड वाहत राहिला, हार्मोनियम आणि सारंगी नावे न सांगता ओळखू आली, तर तो स्पीकर घरी नेण्यायोग्य समजावा. समजा, २०,००० रुपयांची तरतूद आहे. त्यांतले बारा-तेरा हजार मी डोळे मिटून स्पीकरांवर खर्चीन.

जागेविषयी आपल्याकडे फार अनास्था आहे. लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, छताला टेकून, कोपऱ्यात बसवलेला स्पीकर कितीही मोलाचा असला तरी घुमणारच; दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास ध्वनीची स्थिर लहर उभी राहते आणि कोपरा तिला खतपाणी घालतो. स्पीकर स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवावेत. मागे गाद्यांची चवड अथवा पुस्तकांची फळी असली तर उत्तमच. आमच्या साकीनाक्यावर एका बाजूस विमानतळ, डोक्यावर २०१४ पासून धावणारी मेट्रो आणि शेजारच्या गाळ्यांतील लेथ यंत्रे. अशा कोलाहलात आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकरच्या जवळ, चार-पाच फुटांवर बसणे हाच शहाणपणाचा उपाय होय.

ज्यांची ऐपत याहून कमी आहे त्यांनी लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार येथील जुन्या मालाकडे पाठ फिरवू नये. कोलकात्याच्या सोनोडाइनने १९७० पासून या देशात मनापासून स्पीकर बनवले आणि त्यांतले काही अजून सुस्थितीत मिळतात. मात्र स्पीकरच्या शंकूच्या (कोनच्या) कडेचा फोम मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, म्हणून रबराची कडा पसंत करावी. बोटांनी तो शंकू अलगद, सरळ आत दाबून पाहावा, खरखर लागली तर आतली कॉइल घासते असे समजून व्यवहार तेथेच थांबवावा. आवाजाचे बटण फिरवताना येणारा खरखराट मात्र फारसा मनावर घेऊ नये. तो थोड्या खर्चात जातो.

घरी आणल्यावर एक परीक्षा अवश्य करावी. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेले गाणे लावून दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसावे. ते ध्वनिमुद्रण एकमार्गी असल्यामुळे गायक दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, समोरच उभा राहिला पाहिजे. तो अस्पष्ट होऊन चोहोकडे विखुरला आणि खर्ज ओसरला, तर एका स्पीकरच्या लाल व काळ्या तारांची अदलाबदल झालेली असते. ॲम्प्लिफायर बंद करून त्या उलट जोडाव्यात, आणि तेच गाणे पुन्हा पहिल्यापासून लावावे.