रविवार, अकरा वाजता

फील्डमध्ये रविवार नसतो. तारीख असते, गस्तीची वेळ असते, शिधा वर पोचायचा दिवस असतो. वार कोणी विचारत नाही. मागच्या पोस्टिंगमध्ये दोन वर्षं मला रविवार कळायचा तो एकाच गोष्टीमुळे. सकाळी अकरा वाजता मी दिल्लीला घरी फोन लावायचो. लाइन मिळाली तर दहा मिनिटं. आधी बायको, मग लेक, मग मुलगा. "कसे आहात?" "ठीक. तू?" "मीपण ठीक." फोन बंद.

आता माझीच बदली दिल्लीला झाली आहे. कॅन्टोन्मेंटमधल्या ज्या घरात ही तिघं माझ्याविना राहत होती, तिथे मी येऊन दाखल झालो. पहिले दोन शनिवार-रविवार पेट्या उघडण्यात आणि ऑफिसच्या फायलींत गेले. तिसरा पूर्ण मोकळा मिळाला. खडकवासल्याला तीन वर्षं रगडा खाल्लेला माणूस मोकळ्या वेळेचं काय करणार? मी शुक्रवारी रात्री वेळापत्रक आखलं. शनिवारी साडेसातला कुतुबमिनार, दहाला चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय, असं बरंच काही. लेकीने कागद वाचला आणि शांतपणे परत दिला.

"बाबा, शनिवारी आपण आयएनएला जातो."

त्या 'आपण'मध्ये मी नव्हतो. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

दिल्लीत राहिलेल्यांना आयएनए मार्केट सांगायला नको. चिंचोळ्या गल्ल्या, पायाखाली बर्फाचं पाणी, एका बाजूला मासळी, दुसरीकडे केरळी दुकानांत कढीपत्ता, केळ्याचे वेफर्स आणि नारळ. बायको रत्नागिरीची, मी साताऱ्याचा. माशाच्या बाबतीत आमच्या घरात माझं मत विचारलं जात नाही. तिने सुरमईचे कल्ले उचलून पाहिले, नाक मुरडलं, दुसरी काढायला लावली. माहेरची आमसुलं संपली होती, म्हणून केरळी दुकानातून कुडमपुळी घेतली. "चव तीच नाही येत, पण नडत नाही," ती म्हणाली. हे ती कधी शिकली, मला ठाऊक नव्हतं.

मासेवाल्याने लेकीला विचारलं, "बोर्ड कब हैं?" मग माझ्याकडे बघून बायकोला, "साहब छुट्टी पर आए हैं?"

"नहीं भैया, अब यहीं हैं."

मी पिशवी धरून उभा राहिलो. नंतर समोरच्या दिल्ली हाटमध्ये मोमो खाल्ले. तिथेही मुलांची जागा ठरलेली. खुर्च्या तीन होत्या, चौथी मी ओढून आणली.

रविवारचा एक तास मात्र मी मागून घेतला. नोएडाच्या गोल्फ कोर्सवर माझा एक कोर्समेट खेळतो. त्याच्या ओळखीने मुलाला घेऊन सकाळी तिथे गेलो. हिरवळीत तिथे एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच भागात जनरल लेकच्या इंग्रज फौजेने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. पटपडगंजची लढाई म्हणतात ती हीच. शिंद्यांच्या त्या फौजेचा सेनापतीही फ्रेंच होता, लुई बुर्कँ. स्तंभावर या दोन सेनापतींची नावं आहेत.

मुलगा सहावीत आहे. त्याने स्तंभाभोवती एक फेरी मारली. "आणि जे लढले त्यांची?"

"त्यांची कोणी लिहिली नाहीत."

"म्हणजे त्यांच्या घरी कसं कळलं असेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय समर स्मारकाबद्दल सांगितलं. २०१९ मध्ये ते उभं राहिलं, तिथे प्रत्येक जवानाचं नाव ग्रॅनाइटवर कोरलं आहे, पुढच्या वेळी नेतो म्हणालो. पण त्याने विचारलं होतं ते दगडावरच्या नावांबद्दल नव्हतंच.

परत येताना यमुनेवरच्या पुलावर त्याने घड्याळ पाहिलं. "बाबा, अकरा वाजले. तुमच्या फोनची वेळ." मग हाताची मूठ कानाला लावली. "हॅलो, बाबा?"

"हॅलो. कसे आहात?"

"ठीक," तो म्हणाला. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मागच्या ऑक्टोबरमध्ये मला डेंगी झाला होता. चार दिवस ॲडमिट होतो. त्या रविवारी मी तुमच्याशी तिथूनच बोललो. आई म्हणाली, बाबांना सांगायचं नाही."

मला तो रविवार आठवला. आवाज बारीक होता, मी म्हणालो होतो, लाइन खराब आहे.

घरी आलो तेव्हा बायको नारळ वाटत होती. मी विचारलं. तिने मिक्सर बंद केला नाही, थांबवला फक्त. "सांगून काय केलं असतंस? येता आलं असतं?" मी मान हलवली. "आणि तू? जानेवारीत तीन आठवडे फोन आला नाही, नंतर म्हणालास, बर्फामुळे लाइन बंद होती. बर्फच होतं ना?"

नुसतं बर्फ नव्हतं. मी काही बोललो नाही, तिनेही पुढे विचारलं नाही. मिक्सर पुन्हा सुरू झाला.

मग मी परात ओढली. साताऱ्याच्या माणसाला ज्वारीची भाकरी थापता येते. लहानपणी आईजवळ चुलीपाशी बसून शिकलो आहे. पहिली फाटली, दुसरी जम्मू-काश्मीरच्या नकाशासारखी झाली, तिसरी मात्र फुगली. सुरमईच्या कालवणाबरोबर कोकणी माणसाला भात लागतो, पण त्या दिवशी तिनेही भाकरीच घेतली. लेकीने ताटं मांडली. तीन मांडून ती थबकली, हसली आणि चौथं आणलं. जेवताना मी जानेवारीबद्दल थोडं सांगितलं. सगळं नाही. बाकीचं हळूहळू सांगेन.

वेळापत्रकाचा कागद फ्रिजवर लावला आहे, पण मागच्या कोऱ्या बाजूने. त्यावर लेकीने लिहिलंय: शनिवार, आयएनए, चौघं.